गेटवरची नातेवाईक

उलव्याच्या त्या उंच सोसायटीत कामाला येणाऱ्या बायकांची सकाळी गेटवर रांग लागे. वॉचमनला पिशवी उघडून दाखवायची, नोंद करायची आणि मागच्या लिफ्टकडे जायचं. गोजरा मात्र रांगेच्या कडेनं सरळ आत शिरे आणि पुढच्या लिफ्टनं वर जाई. तिचं नाव गेटवर 'नातेवाईक' म्हणून घातलेलं होतं. "माझ्या वरदला सांभाळणारी बाई पिशवी दाखवत उभी राहणार? त्या आमच्या मावशी आहेत," असं तिच्या मालकिणीनं, नंदिनीनं वॉचमनला बजावलं, तेव्हा गोजराचा ऊर भरून आला होता. गावात जाऊन तिनं ते चार घरी सांगितलंही. आता यात वाईट काय, असं कुणीही विचारील. वाईट वरवर दिसलं असतं, तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती.

गोजरा तिथल्याच खाडीकाठच्या गावातली. नवरा गेल्यावर ती भाच्याकडे, दिपेशकडे राहायची, पण त्याच्या जिवावर नव्हे. दोन हात धड आहेत तोवर कुणापुढे पसरायचे नाहीत, हा तिचा हट्ट होता. नंदिनी वाशीला नोकरीला, नवरा दिलीप दिवसभर ऑफिसात. वरद तान्हा असल्यापासून गोजराच्याच मांडीवर वाढला. नाचणीचं सत्त्व तो तिच्याच हातचं खायचा, झोपायचा तिच्याच खांद्यावर. किती वेळ थांबायचं, सुट्टी कधी घ्यायची, दुखलंखुपलं तर कुणी बघायचं, यातलं एक अक्षर कुठे लिहिलेलं नव्हतं. एकदा तिनं सुट्टीचा विषय काढला, तर नंदिनीचा चेहरा इतका पडला की गोजरालाच चोरी केल्यासारखं वाटलं. घरच्या माणसात असलं बोलणं काढायचं नसतं, हे ती त्या दिवशी शिकली.

वॉशिंग मशीनचा पाइप गळत होता. गोजरानं दोनदा सांगितलं, रविवारी बघू असं उत्तर मिळालं. आणि मग एका दुपारी आंघोळ घातलेला वरद तसाच उघडा पळत सुटला. गोजरानं धावत जाऊन त्याला उचललं, आणि पाण्यावर तिचा पाय सटकला. पोराला तिनं छातीशी धरून ठेवलं आणि सगळा भार स्वतःच्या उजव्या कोपरावर घेतला. वरदला ओरखडाही उठला नाही. तो तिच्या पोटावर बसून हसत होता आणि गोजराच्या डोळ्यांपुढे अंधारी येत होती.

दिलीप माणूस वाईट नव्हता. ऑफिस सोडून तो धावत आला, तिला दवाखान्यात नेलं, प्लास्टर घालून घेतलं. डॉक्टरांनी विचारलं, या तुमच्या कोण? तो चटकन म्हणाला, आमच्या मावशी, घरात पाय घसरला. इतक्या कळा येत असूनही गोजराला ते ऐकून बरं वाटलं. कोपराचं ऑपरेशन करावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले. दिलीप म्हणाला, आम्ही बघतो.

ते बघणं राहूनच गेलं. आधी नंदिनी फळं घेऊन भेटायला आली, मग नुसते फोन आले, मग फोनही थांबले. वरदला पाळणाघरात घातल्याचं गोजराला तिसऱ्याच कुणाकडून कळलं. त्या दिवशी ती जेवली नाही.

मनस्वी त्याच सोसायटीत स्वयंपाकाला जायची. तिनंच दिपेशला सांगितलं की सोसायटीनं कामाच्या बायकांचा विमा काढलाय, तिचा स्वतःचा पाय भाजला तेव्हा सगळे उपचार त्यातून झाले. दिपेश तडक सेक्रेटरी सुभाष यांच्याकडे गेला. त्यांनी नोंद काढून बघितली आणि हात वर केले. विमा होता तो गेटवर कामगार म्हणून नाव असलेल्यांचा. गोजरा तर नातेवाईक होती! एकच वाट होती, असं सुभाष म्हणाले. बाई पगारावर होती आणि कामात पडली, असं त्या घरानं लेखी दिलं, तर कमिटी विमा कंपनीकडे खटपट करून बघेल.

रविवारी सोसायटीची मीटिंग ठरली. आदल्या दिवशी नंदिनीचा फोन आला. खोटी नोंद केली म्हणून आमच्यावर शेकेल, विचारलंच तर आपलं नातं आहे असं सांगा, तुमचं आम्ही बघू, असं ती गोड आवाजात म्हणाली. गोजरा हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. कोपर तोवर वाकडंच जुळून यायला लागलं होतं. आता उशीर झाला की हात कायमचा जायचा, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण खरं बोललं की वरद कायमचा दुरावायचा, हेही तिला ठाऊक होतं. पोटच्या पोरागत वाढवलेलं पोर ते. सबंध दिवस ती ओट्यावर बसून राहिली.

मीटिंगला हॉल भरला होता. सुभाषनी सरळ विचारलं, "बाई, तुम्ही यांच्या कोण?"

गोजरानं नंदिनीकडे पाहिलं. तिच्या मांडीवर वरद बसला होता, गोजराला बघून हात पुढे करत होता.

"मी कोनाची मावशी नाय," ती म्हणाली. "मी कामाला व्हते. कामावं परले."

सुभाषनी दिलीपकडे वळून विचारलं, तुम्ही तसं लिहून द्याल का? दिलीप मान खाली घालून मोबाइल बघत राहिला. वकिलाला विचारून सांगतो, एवढंच तो म्हणाला. मीटिंग पुढच्या विषयाकडे, पार्किंगकडे गेली.

गोजरा बाहेर पडली, तशी नंदिनी मागून धावत आली. तिचे डोळे खरोखरच भरले होते. "मावशी, आम्ही तुम्हाला कधी परकं मानलं का हो?"

"मानला आस्ता तं बरा झाला आस्ता," गोजरा म्हणाली. "परक्याला लागला तं भरून द्यावा लागतं. घरच्याला नुसता गप बसवतान."

लेखी काही आलं नाही. गोजराचा हात वाकडा तो वाकडाच राहिला. आता दिपेशची बायको उन्नती तिची वेणी घालते. पुढं एकदा बाजारात वरद तिला दिसला, "मावशी" म्हणत धावत आला, पायांना मिठी मारून उचल म्हणू लागला. तिला तो उचलता आला नाही. ती तिथंच भाजीवाल्यांच्या गर्दीत खाली बसली, आणि नंदिनी येईपर्यंत त्याला डाव्या हातानं धरून राहिली.

वाचकहो, तुमच्या लेकराला कडेवर घेऊन दारात उभी राहणारी बाई तुमच्याही घरी असेल. तिला मावशी जरूर म्हणा. पण उद्या ती तुमच्याच घरात, तुमच्याच लेकराला सावरताना पडली, तर ती तुमच्याकडे कामाला होती, हे चार माणसांत उभं राहून सांगाल का?