रंगाची गॅरंटी

"म्हने रंगीत टीव्ही! मनं लुगडं बी रंगीत शे, पन ते निदान रंगीत दिसस तरी!"

भागाबाई माझ्यावरच ओरडत होत्या. मी धुळ्याचा लोटन मेकॅनिक. रविवारची सकाळ, पिंपळनेरच्या हिलाल आबांची, म्हणजे भागाबाईंच्या नवऱ्याची ओसरी, आणि समोर तीन आठवड्यांपूर्वी आमच्याच दुकानातून गेलेला वीस इंची रंगीत टीव्ही. फागण्याच्या सुकदेव पाटलांनी मुलीच्या लग्नात तो जावयाला, म्हणजे आबांच्या मुलाला दिला होता. टीव्हीत माणसं बोलत होती, चालत होती, गात होती. फक्त सगळी काळी-पांढरी होती.

"भाऊ, गल्लीमा आमनी इज्जत गयी," आबा हळू आवाजात म्हणाले. "व्याहीनी डबा बदलीसन दिन्हा, अस लोके म्हनतस."

"लोके कसाले? मीच म्हनस!" भागाबाई म्हणाल्या. "दुपारनी गाडीमा हाई पोर आनि हाऊ डबा, दोन्ही परत जातीन. खरा रंगीत लई येवो, मंग घरमा पाय ठेवो."

दाराशी पत्र्याची पेटी भरून ठेवलेली होती. पेटीजवळ नवी सून मथुरा पदर धरून उभी होती. नवरा शेतात गेला होता. म्हणजे पळाला होता, दुसरं काय!

माझा स्वभाव तापट आहे, हे सगळ्या धुळ्याला माहीत आहे. गिऱ्हाइकाला गोड बोलणं सेल्समनचं काम, आणि गॅरंटी देणं दुकानाच्या कागदाचं. मी तोंडाने गॅरंटी कधी दिलेली नाही. लग्नात बायकोलासुद्धा नाही. तरी त्या दिवशी जिभेवर खडीसाखर ठेवून समजावलं. आबा, टीव्हीचा मनोरा धुळ्याकडे, इथून लांब, मध्ये डोंगर आहेत. इथवर सिग्नल पोचेपर्यंत त्याचा दम जातो. दम गेला की रंगीत सेट आधी रंग सोडतो आणि चित्र तेवढं वाचवतो. सेट चांगला आहे, हवेतच रंग नाही.

"हवामा रंग?" भागाबाईंनी आभाळाकडे बघितलं. "आते हवामा बी रंग ऱ्हास का?"

अंगणात जमलेली गल्ली हसली.

मग मी एक गाढवपणा केला. अँटेना तपासायला मी माझा चौदा इंची काळा-पांढरा सेट एसटीच्या टपावर टाकून आणला होता. तो रंगीतच्या शेजारी मांडला आणि वायर त्याला जोडली. चित्र असं स्वच्छ आलं की माणसांच्या मिशा मोजून घ्याव्यात. कमी सिग्नलला काळा-पांढरा सेट रंगीतला भारी पडतो, हे मला माहीत होतं. माहीत असून मांडला!

"हाऊ धाकला तं मोठापेक्षा ब्येस शे!" कोणीतरी म्हणालं.

"देखा!" भागाबाई म्हणाल्या. "आते तं बठ्ठासनी देखं ना?"

मथुराने मान खाली घातली. मला माझ्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. गच्चीवर चढलो, अँटेनाला आणखी एक बांबू जोडला आणि दोन बाजूंनी तार ओढली. बोटभर इकडे, बोटभर तिकडे फिरवत असताना खालून आरोळी आली, "उना! लाल उना!" आणि लगेच, "गया." पुन्हा तासभर फिरवला. लाल काही परत आला नाही.

खाली उतरलो तेव्हा मथुरा पाण्याचा तांब्या घेऊन जिन्याशी उभी होती.

"दादा," ती कुजबुजली, "मी देखा लाल. मना बाप खोटा नही शे."

ते ऐकलं आणि मला पिशवीतल्या डबीची आठवण झाली.

आमच्या धंद्यात तिला पॅटर्न जनरेटर म्हणतात. टिफिनएवढी डबी. टीव्हीला जोडली की पडद्यावर रंगांचे उभे पट्टे येतात, त्यावरून आम्ही सेटचे रंग लावतो. माझी डबी मुंबईहून मागवलेली होती. दुकानाची नव्हे, माझी स्वतःची. हवेतून काही यायची गरजच नाही! मी गच्चीवरची वायर उपटली, डबी जोडली आणि बटण दाबलं.

पांढरा, पिवळा, आकाशी, हिरवा, जांभळा, लाल, निळा, काळा. एक म्हातारा नकळत हात जोडून उभा राहिला.

भागाबाई उठल्या. त्यांनी काचेवर बोट ठेवून एकेक पट्टा चाचपला, मग वळून डबीकडे बघितलं.

"भाऊ, हाऊ रंग डबीना शे. टीव्हीना नही. डबी काढी लिन्ही का मंग?"

सांगतो, इतकी वर्षं कामं केली, पण असा बिनतोड सवाल मला कोणा इंजिनिअरनेही घातला नाही. मग शेजारचा माझा चौदा इंची दिसला. मघाचा गाढवपणा आता कामाला आला.

"अक्का," मी म्हणालो, "रंग डबीना व्हई, तं तो याम्हा बी दिसाले जोयजे. बराबर?"

"बराबर."

डबी मी काळ्या-पांढऱ्याला जोडली. तेच आठ पट्टे आले, पण सगळे राखेचे. पिवळा पांढुरका, लाल काळपट, निळा जवळजवळ काळाच. पुन्हा मोठ्याला जोडली तर सगळे रंग हजर. पुन्हा धाकट्याला, पुन्हा राख. चार वेळा केलं. चौथ्या वेळी आबांनी गुडघ्यावर थाप मारली.

"व्याही खरा शे! डबी एकच शे, फरक टीव्हीमा शे."

भागाबाई पेटीजवळ गेल्या. मग म्हणाल्या, "पेटी घरमा ले, मथुरा." मथुराने पेटी उचलली. त्या वेळी मला काय वाटलं ते सांगायला मी लाजत नाही. डोळे भरून आले माझे.

पण बाई पक्की! "पन मी पाहुणासले काय दखाडू? डबी ठेव आठे. आठ दिन."

मी मथुराकडे बघितलं आणि ठेवली.

आठ दिवस कसले, चार वर्षं गेली! दोनदा निरोप धाडले. दोन्हीदा उत्तर आलं, "पाहुणा येवाव शेतस," म्हणजे पाहुणे यायचे आहेत. दुकानात मी नजरेच्या अंदाजाने रंग लावत होतो आणि सेठची बोलणी खात होतो. घरी बायकोने मला दानशूर असं नाव ठेवलं.

ब्याण्णव साली त्या बाजूला टीव्हीचा नवा मनोरा झाल्याचं ऐकलं आणि मी गाडी पकडली. ओसरीवर भागाबाई टीव्हीसमोर बसल्या होत्या. टीव्हीत हिरवंगार शेत आणि लाल पागोट्याचा माणूस दिसत होता.

"ये भाऊ, बस. देख, मनी मथुराना बापनी कसा टीव्ही दिन्हा! बठ्ठा गावमा असा नही!"

मनातल्या मनात मी कपाळाला हात लावला.

मथुरा मला मधल्या खोलीत घेऊन गेली. तीन वर्षांची पोर तिच्या कमरेवर होती. खाटेखालून तिने तीच पत्र्याची पेटी ओढली. माझी डबी वरच ठेवलेली होती, बटण झिजून गुळगुळीत झालेलं. डबीखाली लुगडी, चोळ्या, पोरीची झबली. सगळं घडी करून गच्च भरलेलं, आत्ता गाडीला निघायचं असावं तसं. भिंतीवर खुंट्या होत्या, एका खुंटीवर नवऱ्याचा सदरा लटकत होता. बाकीच्या रिकाम्या.

"कपडा पेटीमा कसाले?" मी विचारलं.

"डबी बिघडती तं मंग?" ती म्हणाली.

चार वर्षांपूर्वी काम फत्ते झालं म्हणून शीळ घालत गाडीत बसलो होतो मी! आणि ही बाई चार वर्षं माझ्या डबीच्या भरवशावर सासरी राहत होती.

"दादा," तिने विचारलं, "आते नही जावाव ना रंग?"

डबी राहू देतो, असं तोंडावर आलं होतं. पण ठेवली असती तर पेटीही तशीच भरलेली राहिली असती. मी डबी पिशवीत टाकली.

"नही जावाव. मनी गॅरंटी."

मग गच्चीवर चढलो. अँटेनाचे नट घट्टच होते. तरी पाना लावून एकेक आवळला, तारा ओढून बघितल्या. उतरताना खाली लक्ष गेलं. पेटी अंगणात उन्हात उघडी पडली होती आणि मथुरा एकेक लुगडं झटकून दोरीवर टाकत होती.