चाचाचे गोल कोपरे

आखातात, सीबच्या आमच्या वर्कशॉपमध्ये पाण्याच्या टँकरच्या टाक्या बनत. अक्कल मात्र केबिनमध्ये बने, कारण एसी तिथेच होता. तिथे धनंजय साहेब बसत, डिग्री भिंतीला टांगून.

१९९८ साली त्यांनी टाकीच्या झाकणासाठी चौकोनी भोकाचं ड्रॉइंग दिलं. ते घेऊन आमचा रत्नागिरीचा म्हातारा पत्राकारागीर नूरुद्दीनचाचा केबिनमध्ये गेला. त्याच्यामागे मी, जहूर वेल्डर.

"साहेब, कोपरे गोल कापू या. पहिली जेट विमानं आली ना, कॉमेट? चौकोनी खिडकीच्या कोपऱ्यातनं पत्रा फाटला नि हवेत तुकडे झाले. मग इंग्रजांनी अख्खं विमान पाण्याच्या टाकीत ठेवलं, दाब चढवला, उतरवला, तेव्हा कुठं चीर गावली. सांताक्रूझला विमानांच्या हँगरमध्ये उस्तादानं पहिलं हेच शिकवलेलं."

"चाचा, आपला टँकर इथं शेजारी अल खौदला जातो, लंडनला नाही."

मीही हसलो. माझाही व्हिसा साहेबांच्याच शिफारशीवर वाढायचा.

चाचाचा व्हिसा दीड महिन्यात संपत होता. मुलीचं, नौशीनचं, नर्सिंगचं शेवटचं वर्ष होतं, तेवढीच मुदत त्याला हवी होती. गप्प बसला असता तर मिळालीही असती. पण त्याने आणखी दोनदा सांगितलं. साहेबांनी कागदावर शेरा मारला, 'वय झालं, हुज्जत घालतो.' व्हिसा खलास.

अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. इथे टँकर रिकामा झाला. खडकाळ रस्त्यावर महिनाभर हिंदकळून टाकी बरोबर भोकाच्या कोपऱ्यातून फाटली. अर्बाब, म्हणजे आमचा मालक, स्वतः बघायला आला. चाचाचं तिकीट निघायला अजून आठवडा होता.

"पत्रा खराब था," साहेब म्हणाले.

अर्बाबने माझ्याकडे पाहिलं. "जहूर, सच?"

चाचा चार हातांवर उभा होता. मी म्हणालो, "हां अर्बाब."

दुसऱ्या दिवशी नवं ड्रॉइंग आलं. कोपरे गोल, खाली साहेबांची सही. चाचाला सोडायला विमानतळावर मीच गेलो. तेवढा निर्लज्जपणा माझ्यात होता. तो एकच बोलला.

"कोपरे नीट घास हां जहूर. सही कुणाची ते बघू नको."

त्याला दहा वर्षं झाली. एकही टाकी फाटलेली नाही. साहेब जनरल मॅनेजर झाले. माझा व्हिसा दर दोन वर्षांनी वाढतो.