फळीवर नसलेली गोदाबाई

मित्रांनो, मी एक जुनी सागवानी फळी आहे. सेमाडोहच्या जंगलातून निघाले, अमरावतीच्या सुताराने मला रंधा मारला आणि तिथल्या एका कॉलेजात इतिहास शिकवणाऱ्या कमलाकांत सरांनी माझ्या अंगावर खिळे ठोकले. विहीर, कापूस, बैल, सरकी काढणारी जिनिंग, शाळा, आठवडी बाजार असा एकेक खिळा, आणि सगळ्यांना जोडणारा दोरा. "इतिहास नुसत्या सनावळ्यांत शोधू नका," सर मुलांना सांगायचे. "गाव ही गुंतलेली रचना आहे. एक खिळा हलवा आणि कुठला दोरा ताणतो, कुठला सैल पडतो ते पाहा." मुलं माना डोलवायची. मीही जरा शेफारलेच होते, खोटं कशाला बोलू?

१९५८ साली चांदूर बाजारकडच्या एका खेड्याचे सरपंच नत्थुजी सरांकडे आले. गावचा बाजार नदीकाठावरून उचलून चार मैलांवरच्या डांबरी सडकेला न्यावा का, हे त्यांना विचारायचं होतं. सरांनी बाजाराचा खिळा उपटून माझ्या कोपऱ्यात ठोकला. एकही दोरा तुटला नाही. "न्या खुशाल," सर म्हणाले.

बाजार हलला. कापसाला गिऱ्हाईक वाढलं, पण बायकांना चार मैल चालणं जमेना. गावची सुईण गोदाबाई त्याच बाजारात जडीबुटी विकायची. पोटुश्या बायांची विचारपूसही तिथेच व्हायची. धंदा बसला तशी ती अकोल्याला लेकीकडे निघून गेली. पुढच्या पावसाळ्यात नत्थुजींची सून वच्छला बाळंतपणात अडली. बैलगाडीने अमरावतीला नेताना वाटेतच तिचं बाळ गेलं.

आठ दिवसांनी नत्थुजी पुन्हा आले. चिडले असते तर बरं झालं असतं.

"सर, या फळीवर गोदाबाई कोठी हाय?"

सर घाईघाईने तिच्यासाठी नवा खिळा शोधू लागले. नत्थुजींनी त्यांचा हात धरला.

"राहू द्या. तुमाले तं गोदाबाई ठाऊकच नव्हती. मले होती. मी काहून नाई बोललो?"

सर माझ्यासमोर बसून रडले. मला फार लाज वाटली.

त्यानंतर सरांनी मला वर्गात नेलं नाही. कपाटामागे धूळ खात पडले आहे, आणि त्याचं मला फारसं दुःखही नाही. मित्रांनो, उद्या तुमच्याही वर्गात कोणी गावाची अशी मांडणी दाखवेल. ती मन लावून शिका, ती खोटी नसते. पण खिळ्याला हात लावण्याआधी एकदा त्या गावात जाऊन या, बाजारात बसलेल्या बाईशी बोला. सर विद्वान होते, नत्थुजी जाणते होते. गोदाबाईला विचारावं, हे मात्र दोघांच्याही मनात आलं नाही.