न पुसला जाणारा ठिपका

सूनबाईचं काम म्हणजे जवळच्या तारकागुच्छांत तपकिरी बटू शोधणं. तारा व्हायला निघालेला, पण वजन कमी पडल्यामुळे कधी पेटलाच नाही असा मंद गोळा म्हणजे तपकिरी बटू. गुच्छातली मंडळी आकाशात एकाच दिशेने सरकतात. दहा वर्षांपूर्वीच्या आणि आजच्या फोटोत जो ठिपका त्यांच्याबरोबर सरकलेला दिसेल तो घरचा, बाकीचे उपरे. अडीच वर्षं ती डोळ्यांत तेल घालून हेच करत होती, आणि हाती लागले होते सगळे उपरेच.

सकाळी सासूबाई फडकं घेऊन टेबलापाशी आल्या.

"स्क्रीनवर डाग आहे गं."

"तो डाग नाही, आई. स्क्रीन जुना झालाय, असे पाचसहा ठिपके पडलेत त्याला. कालच हा नवा दिसला."

असली उत्तरं सासूबाईंना कधीच पटत नसत. त्यांनी फडकं जोर लावून घासलं, कोपर माउसला लागलं आणि फोटो बोटभर सरकला. ठिपकाही सरकला.

चहा तसाच ठेवून सून खुर्चीत बसली. तिने जुना फोटो उघडला. ठिपका तिथेही होता, बाकीच्या मंडळींइतकाच मागे. तिने तीनदा मोजून पाहिलं.

"निघतोय का?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही निघायचा, आई. घरचाच आहे."

सासूबाईंनी मान डोलावली, आणि तेवढा ठिपका सोडून बाकीची काच लख्ख पुसली.