मूठभर जुनी माती

राजरत्न गमरे हे सगळं लिहिणारच नव्हता. दोनदा मोबाईलवर टाईप केलं, दोनदा उडवलं. बुरशीची गोष्ट, वाचणार कोण? पावावर दिसली तरी लोक अख्खा पाव फेकतात. पण सोसायटीच्या ग्रुपवर 'गमरेंनी गच्चीवर दादागिरी केली' असं फिरायला लागलं आणि त्याचं डोकं सटकलं. आता लिहायचंच.

राजरत्न एसीचा मेकॅनिक. लोकांच्या घरातली गरमी बाहेर फेकायची आणि बाहेर उभं राहून ती आपणच खायची, असा धंदा. काळाचौकीची चाळ पडून तिथेच टॉवर झाला आणि गमरे सतराव्या मजल्यावर गेले. घर मोठं, संडास घरात, सगळं झकास. फक्त त्याची आई, बकुळा, गप्प झाली. चाळीत तिच्या दारासमोर रंगाच्या डब्यांत मिरच्या असायच्या. दोन मिरच्या मागायच्या निमित्ताने अख्खा मजला तिच्याशी गप्पा मारून जायचा. इथे दार लागलं की संपलं.

ते डबे तिने टॉवर होईपर्यंत मिळालेल्या ट्रान्झिटच्या खोलीतही जगवले होते. चाळ सोडताना ते उचलायला राजरत्नचा शाळेपासूनचा दोस्त विनीत आला होता, डिलाईल रोडवरून. लोक टीव्ही-फ्रीज हलवतात, तू चिखल हलवतोस, म्हणून हसत होता.

आईसाठी राजरत्नने गच्चीचा एक कोपरा मागितला. सेक्रेटरी हर्षवर्धन दळवी माणूस वाईट नाही, पण त्याला सगळं लख्ख लागतं. नर्सरीची माती आणा, म्हणाला, ती जुनी घाण वर नको, बुरशी असते तिच्यात. 'घाण' ऐकून बकुळाने पदर आवळला. तो शब्द तिने आयुष्यात पुष्कळदा ऐकला होता, आणि नेहमी मातीबद्दलच नाही.

राजरत्नने समजावून पाहिलं. ही बुरशी भिंतीवरची नाही. हिचे केसाहून बारीक धागे मुळांत शिरतात आणि मूळ पोचत नाही तिथलं पाणी ओढून आणतात. बदल्यात झाड त्यांना साखर देतं. पान म्हणजे कूलर, पाणी उडत राहिलं तर थंड, पाणी संपलं की बंद. उन्हात तो कूलर जास्त वेळ चालावा म्हणून ही मदत. हे सगळं तो मोबाईलवर वाचून शिकला होता. हर्षवर्धन म्हणाला, मग दाखव करून.

ठरलं असं. दोन रांगा, दोन्हीत नर्सरीची माती, पाणी सारखं. फक्त एका रांगेत मुळांशी बकुळाच्या डब्यांतली मूठमूठ माती. मे संपेपर्यंत फरक दिसला नाही तर गच्चीला कायमचं कुलूप. पटकन येतो म्हणून हर्षवर्धनने मुळा निवडला. राजरत्नने जोशात मान डोलावली. बकुळाने मात्र दोन्ही रांगांत मिरचीचीही रोपं लावली. मिरचीशिवाय रांग कसली, म्हणे.

मे महिन्यात गच्ची तवा झाली. मुळा मेला. दोन्ही रांगांतला मेला.

मेच्या शेवटच्या रविवारी दुपारी खाली लॉबीत मीटिंग. हर्षवर्धनने मेलेल्या मुळ्याचे फोटो सगळ्यांना दाखवले. फेल, म्हणाला. राजरत्न उभा राहिला. मुळा, मोहरी, कोबी ही सगळी एक जात, आणि ही जात त्या बुरशीला मुळांत घेतच नाही, हे त्याला त्याच सकाळी कळलं होतं.

"पीक चुकलं. मीपण मान डोलावली, ती माझी चूक. पण माती हरलेली नाही. वर चला आणि मिरची बघा."

"ठरलं होतं मुळ्याचं."

"ऊन काय फक्त मुळ्यावर पडलं का?"

कुणीतरी फिसकन हसलं. पाच-सहाजण लिफ्टने वर आले. हर्षवर्धन कुलूप घेऊनच आला.

एका रांगेतली मिरची ओल्या फडक्यासारखी लोंबत होती, खालची पानं करपलेली. जुन्या मातीच्या रांगेतलीही थोडी मलूल होती, खोटं कशाला बोला. पण उभी होती, आणि फुलं धरून होती. तिच्याशेजारी बकुळा छत्री उघडून, डबा उपडा घालून बसली होती.

"काकी, खाली चला. कुलूप लावायचंय."

"लाव की बाळा. कुलूप बाहेरून, मी आतून. फक्त जाताना घाण कुठली ते एकदा बोट लावून दाखव."

हर्षवर्धन वाकून रांग बघायला लागला. बोट काही उठलं नाही. तेवढ्यात नवव्या मजल्यावरच्या, जुन्या चाळीतल्याच सरोजिनीबाई पुढे झाल्या, टाकीच्या सावलीत टेकल्या आणि म्हणाल्या, बकुळा, मिरच्या लागल्या की दोन माझ्या हां. चाळीतल्यासारखं. बकुळा हसली. टॉवरमध्ये आल्यापासून राजरत्नने तिला असं हसताना बघितलं नव्हतं.

हर्षवर्धनने कुलूप खिशात टाकलं. पुढच्या मीटिंगमध्ये बघू, म्हणाला. म्हणजे निकाल अजून लागलेला नाही. ग्रुपवर मात्र त्याचीच 'दादागिरी' झाली.

संध्याकाळी राजरत्नने विनीतला फोन करून सगळं सांगितलं. यावेळी विनीत हसला नाही. त्यांच्या चाळीलाही नोटीस लागली होती.

"आयेला म्हटलं, मोरीकडचं अळू टाकून दे, नव्या घरात कुठे ठेवणार? तर रडायलाच लागली रे."

"टाकू नको. पाडायला येतील त्याच्या आधी मी गोण्या घेऊन येतो. तुझ्या आईची माती मी उचलणार, विनीत, आणि वर चढवणार. गच्चीला कुलूप असलं तरी."