सात नंबरची पट्टी

यंत्राच्या मते काळुराम अडतीस कणांचा माणूस होता.

हे त्याला अमोलनं सांगितलं. अमोल मुंबईच्या कुठल्याशा संशोधन संस्थेतला, तिशीचा, स्वभावानं गरीब आणि बोलायला नेमका. आकाशातून न दिसणाऱ्या कणांचा पाऊस सतत पडत असतो, तो कौलांतून, माणसांतून, मातीतूनही आरपार जातो, आणि वाटेत जितकं जाड काही येईल तितके कण अडतात, एवढं त्यानं समजावलं. मग काळुरामला त्या पेटाऱ्याएवढ्या यंत्रावर तासभर बसवलं. रिकाम्या तासापेक्षा अडतीस कण कमी भरले.

"म्हणजे तुम्ही अडतीस," अमोल म्हणाला.

काळुरामनं घरी जाऊन बायकोला सांगितलं. गोदूबाई म्हणाली, मला वाटलं व्हतं जास्ती असतील.

यंत्र गडब गावाच्या पश्चिमेला, खाडीच्या बांधाला लागून असलेल्या पंपघरात होतं. पंप सरकारनं दिला होता, वीज दिली नव्हती, त्यामुळं खोली नवीकोरी होती. यंत्र अमोलनं आणलेल्या सौर पॅनेलवर चालायचं. त्याची वरची फळी आकाश मोजायची. बाजूच्या बारा उभ्या पट्ट्या बांधाकडं तोंड करून, त्याच्यातून आरपार येणारे कण मोजायच्या. काळुरामनं राखण करायची आणि रोज सकाळी आकडे फोनवर कळवायचे. बांधापलीकडं खाडी, अलीकडं गावाची भातं. बांध फुटला की खारं पाणी आत येतं आणि तीन वर्षं पिकाचं नाव घेता येत नाही. त्यात काळुरामचं दीड एकर.

पिठोरी अमावास्येला आठ दिवस असताना सात नंबरच्या पट्टीचा आकडा चढू लागला. समोरची माती पातळ होत असल्यासारखे जास्ती कण येऊ लागले. काळुराम बांधावर जाऊन आला. सातासमोर बांध बाहेरून ठणठणीत होता. खेकड्याचं बीळ नाही, चीर नाही, वर गवत तसंच.

त्यानं अमोलला फोन केला. अमोल म्हणाला की सध्या सूर्यावर डाग वाढलेत, त्यानं आकडे हलतात. सूर्याचे डाग आमच्याच बांधावर, चार हात जागेत कसे पडले, असं काळुरामनं विचारलं. दुसरं यंत्र रोह्याजवळ अष्टमी गावात एका गच्चीवर होतं. तिथं सगळं ठीक होतं. अमोलनं थोडा विचार केला आणि सात नंबरची पट्टी सरासरीतून वगळली. विज्ञानात याला दुरुस्ती म्हणतात.

अमावास्येच्या आदल्या दिवशी आकडा थांबला. तासाला बरोबर अडतीस जास्ती. काळुराम बराच वेळ त्याच्याकडं बघत बसला. बांधातून एक माणूस उठून गेला होता.

कोण ते त्याला ठाऊक होतं.

ज्यांची शेतं बांधाच्या आत, त्या घरांची मिळून जोळ. बांध राखायचा तो जोळीनं. मोठ्या उधाणाआधी सगळ्यांनी बांधावर जमायचं, हजेरी घ्यायची आणि चिखल लावायचा. हजेरीत पहिलं नाव हैबतरावाचं. पणजोबाच्या काळी बांध फुटून खांड पडली तेव्हा हा हैबतराव तिच्यात आडवा झाला आणि लोकांनी वरून चिखल टाकला. तो आपणहून आडवा झाला की त्याला केला, यावर दोन मतं होती. दुसऱ्या मताची माणसं पुढं जोळीत राहिली नाहीत. त्याचं नाव पुकारलं की सगळ्यांनी एका आवाजात 'हाय' म्हणायचं. एकट्यानं कधी म्हणायचं नाही. का, ते कोणी विचारलं नव्हतं.

चार वर्षांपूर्वी माणसं कंपनीच्या शिफ्टला लागली आणि हजेरी मोबाइलवर आली. ज्यानं त्यानं अंगठा टाकायचा. हैबतरावाकडं मोबाइल नव्हता, त्यामुळं त्याचं नाव गळलं.

काळुरामनं सगळ्यांना निरोप टाकला की उद्या भरतीआधी बांधावर या. एकवीस अंगठे आले. अमावास्येला भर दुपारी, भरतीच्या वेळी, माणसं आली तीन. त्यांतला प्रवीण रोह्याच्या कंपनीतला, सुट्टीवर होता. त्यानं येताना मोबाइल काढूनच आणला होता.

ऊन लखलखत होतं, वारा पडला होता आणि पाणी बांधाच्या माथ्याखाली चार बोटांवर येऊन थांबलं होतं. सातासमोर गवताखालून बांधाला घाम फुटला. नुसता ओलावा, पण माणसाच्या लांबीचा.

काळुरामनं पुकारलं, "हैबतराव."

दोघं एकमेकांकडं बघून हसले. प्रवीण म्हणाला, "काका, परत बोला ना, रेकॉर्ड करायचं राहिलं."

काळुरामनं परत पुकारलं. घाम ठिबकू लागला. तेव्हा त्यानं खाडीकडं तोंड केलं आणि आपणच, एकट्यानं, हळू आवाजात म्हटलं, "हाय."

ठिबकणं थांबलं. सूर्य ढळेपर्यंत पाणी उतरलं. बांध राहिला, भातं राहिली. प्रवीणच्या मोबाइलवर सगळं आलं होतं, फक्त शेवटचा आवाज लांबून आल्यासारखा वाटत होता. माईक स्वस्तातला, असं तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अमोल आला. सात नंबरची पट्टी जागेवर आली होती. तो खूश झाला, सूर्य शांत झाला म्हणाला. मग यंत्र पुन्हा तपासून घेऊ म्हणून त्यानं काळुरामला वर बसायला सांगितलं आणि पडद्यासमोर पाठमोरा बसून राहिला. तास भरला. एकही कण कमी नव्हता.

"काका," तो पडद्यावरची नजर न काढता म्हणाला, "बसा ना वर."

"बसलोय," काळुराम म्हणाला.

अमोलनं वळून पाहिलं. मग पडद्याकडं पाहिलं. मग अगदी अदबीनं म्हणाला, "नीट बसा."

बाहेर गोदूबाई भाकरी घेऊन आली होती. पंपघराचं दार सताड उघडं होतं आणि काळुराम दारासमोरच बसला होता.

"अवो, जेवाया या," तिनं हाक मारली. तिचं तोंड बांधाकडं होतं.