साक्षीदाराची पानं

विधिमंडळात बोलायला निवडून यावं लागतं, ऐकायला मात्र परीक्षा द्यावी लागते. मधलीनं ती परीक्षा बावीस वर्षांपूर्वी दिली होती आणि तेव्हापासून ती तिथे लघुलेखिका होती. समितीच्या बैठकीत कोण काय बोललं ते शब्दन् शब्द वहीत उतरवायचं, खोलीत येऊन टाइप करायचं आणि सगळं तिथेच विसरून घरी जायचं. सदस्य एकमेकांना नाही नाही ते बोलत, टेबलं बडवत, मान टाकून खुशाल घोरत. घोरणं तेवढं उतरवायची पद्धत नव्हती, बाकी काही सुटत नसे.

मधली हे अर्थातच तिचं खरं नाव नव्हे. तीन भावंडांतली ती मधली, एवढंच. वर ताई, खाली धाकटा. आईवडील लवकर गेले आणि ताईनं लॉण्ड्रीत उभं राहून या दोघांना वाढवलं. इस्पितळांच्या चादरी धुणारी मोठी लॉण्ड्री होती ती. ओल्या चादरीचं टोक तापलेल्या रुळात सरकवायचं की पलीकडून ती कोरडी, कडक इस्त्री होऊन बाहेर पडते. एकोणीस वर्षांपूर्वी एका संध्याकाळी चादरीबरोबर ताईचा उजवा हातही आत गेला. यंत्र थांबवायचं बटण भिंतीवर होतं, सात पावलांवर. कुणीतरी धावत जाऊन ते दाबेपर्यंत चार बोटं गेली. अंगठा राहिला.

ताई रडत बसणाऱ्यांतली नव्हे. "टाळ्या वाजवायचं काम तेवढं मला सांगू नका," ती म्हणे, "बाकी काहीही सांगा." धाकट्याचा शपथविधी झाला तेव्हा सगळे टाळ्या वाजवत होते आणि ताई डाव्या हातानं आपल्याच मांडीवर थापा मारत होती. मांडी लाल झाली होती म्हणे.

धाकटा निवडून आला तोच मुळी ताईच्या हातावर. प्रत्येक सभेत तो सांगे, "माझ्या बहिणीचा हात ज्या यंत्रानं खाल्ला, त्या यंत्रापुढे मी दांडी बसवून दाखवीन." आणि खरंच, पहिल्याच वर्षी त्यानं विधेयक आणलं. प्रत्येक रुळापुढे एक आडवी दांडी असावी, हात नुसता टेकला तरी यंत्र जागच्या जागी थांबावं. कागदावर त्याचा क्रमांक चौऱ्याऐंशी होता, पण भवनात सगळे त्याला दांडीचं विधेयक म्हणत, आणि जे सदस्य बैठकीला येतच नसत त्यांच्यासाठीच ते आणलंय, अशी थट्टाही करत. अधिवेशन संपायला चार दिवस उरले असताना ते समितीपुढे आलं. समितीनं पाठवलं तरच ते सभागृहात जाणार होतं. नाहीतर तिथेच त्याची माती होणार होती.

साक्षीला ताईला बोलावलं होतं.

लघुलेखकांची पाळी दहा मिनिटांची असते. दहा मिनिटं लिहायचं, मग शेजारी येऊन बसलेल्या माणसाला नजरेनंच जागा द्यायची आणि आपली पानं टाइप करायला निघून जायचं. ताईच्या साक्षीच्या वेळी नेमकी मधलीची पाळी आली. नियमात ते बसत होतं, म्हणून आपल्याच बहिणीचे शब्द तिनं उतरवायला घेतले.

ताई छान बोलली. घाबरली नाही, उगाच डोळ्यांना पदर लावला नाही. "सात पावलं," ती म्हणाली. "तुम्ही इथून दारापर्यंत चालून बघा, साहेब. आणि चालताना बोटं मोजा." अध्यक्षांनी पाण्याचा पेला उचलला तो तसाच हातात राहिला. लॉण्ड्रीतल्या चौदा बायका अजून त्याच रुळांवर उभ्या आहेत, त्यांची नावं तिनं एकेक करून घेतली. मधलीनं चौदाही उतरवली.

साक्ष संपली, दहा मिनिटं संपली. तात्या शेजारी येऊन बसले होते. खात्यातले सगळ्यात जुने लघुलेखक, त्यांना सगळेच तात्या म्हणत. मधली उठली. धाकट्यानं शिपायाला खूण केली, "यांना बाहेर नेऊन चहा द्या," आणि ताईला हात धरून दारापर्यंत पोचवलं. दारात तो वाकून म्हणाला, "काय बोललीस ताई! सगळ्यांची तोंडं बंद झाली. आता बाकीचं माझ्यावर सोड." तो शब्द मधलीनंही ऐकला. ताईला घरी सोडून ती परत आली, आपली पानं टाइप केली आणि कितीतरी दिवसांनी ऑफिसातून गुणगुणत घरी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी इतिवृत्ताची जुळवणी तिच्याकडे होती. सगळ्यांची पानं क्रमानं लावायची, वाचायची, सांधे जुळतात का ते बघायचं. तात्यांनी आपली पानं तिच्या टेबलावर पालथी ठेवली.

"आधी चहा घे," ते म्हणाले.

"आत्ताच घेतला."

"मग आणखी एक घे."

तात्या कधी असं बोलत नसत. तिनं पानं सुलटी केली आणि वाचू लागली. बोलणारा धाकटा होता. ताई दाराबाहेर पडल्यावर तीन मिनिटांनी.

"माननीय अध्यक्ष, साक्षीदार माझी सख्खी बहीण आहे, म्हणून घरचा माणूस या नात्यानं सांगतो. त्या दिवशी ती सलग सोळा तास कामावर होती. दुसरी शिफ्ट तिनं दुसऱ्याच बाईच्या नावावर केली होती. चौकशीत तिनं हे लपवलं. तिचा डोळा लागला आणि हात गेला. यंत्राचा दोष नव्हता. एकीच्या चुकीसाठी सगळ्या धंद्यावर बोजा टाकणं मला आता योग्य वाटत नाही. विधेयक मागे घेण्याची परवानगी असावी."

त्याखाली अध्यक्षांचं एकच वाक्य होतं. परवानगी आहे, पुढचा विषय.

विधेयक गेलं, हे तर झालंच. पण सोळा तासांची गोष्ट आता जगात तिघांनाच माहीत होती. ती सांगणारा चौथा कुणी असूच शकत नव्हता. ताईनं ती दुसरी शिफ्ट का केली होती? दुसऱ्या दिवशी धाकट्याचा पदवीदान समारंभ होता. सुट्टी मिळत नव्हती, म्हणून मैत्रिणीची शिफ्ट आपण करायची आणि बदल्यात मैत्रीण उद्या आपल्या जागी उभी राहील, असं ठरलं होतं. धाकट्याला झगा घातलेलं बघायचं होतं तिला. समारंभाला मग कुणीच गेलं नाही. धाकटा इस्पितळात ताईच्या उशाशी हमसून हमसून रडला होता आणि ही गोष्ट बाहेर कुणाला सांगायची नाही, मैत्रिणीची नोकरी जाईल, असं तिघांनी ठरवलं होतं. ठरवताना धाकट्यानंच ताईच्या बँडेजवर हात ठेवला होता.

केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच, मधलीच्या मनात आलं. आणि तोही अशा बहिणीचा, जिनं त्या गळ्यातला घास काढून याला भरवला.

जेवणाच्या सुट्टीत तो आलाच. सदस्यांना आपल्या भाषणाची प्रत दुरुस्तीसाठी मिळते, त्यासाठी खरं तर ते आपला सहायक पाठवतात. हा स्वतः आला, आणि दार लोटून घेतलं. त्या सकाळच्या पत्रकात दोन ओळी शेजारी शेजारी छापल्या होत्या. विधेयक क्रमांक चौऱ्याऐंशी मागे घेतलं, ही एक. आणि दुसऱ्या एका समितीच्या अध्यक्षपदी धाकट्याची नेमणूक, ही दुसरी. मधलीनं त्या दोन्ही ओळींवर बोट ठेवलं.

"माई, तू तरी समजून घे," तो म्हणाला. मधलीला तो माई म्हणे. "मतं नव्हती. विधेयक तसंही पडणार होतं. त्याच्याबरोबर मीही पडलो असतो. आता निदान माझ्या हातात काहीतरी आहे."

"ताईच्या हातात काय आहे?"

त्यानं पत्रक उचलून त्याची घडी घातली.

"मागे घ्यायचं होतं ना, घ्यायचं होतंस. ताईच्या माथी कशाला मारलंस?"

"कारण द्यावं लागतं ना," तो म्हणाला. अगदी सहज म्हणाला, छत्री का आणली असं कुणी विचारल्यावर सांगावं तसं. मधलीला त्याच्या मुस्काटात मारावीशी वाटली. लहानपणी तिनं त्याला कधी बोट लावलं नव्हतं, ताई मध्ये पडायची.

त्यानं खिशातून पेन काढलं. "ही चार-पाच वाक्यं फक्त काढ. घरचा माणूस वगैरे. विधेयक मागे घेतलं एवढंच राहू दे. ताईला मी सांगेन काहीतरी, मतं फुटली म्हणून."

"दुरुस्ती भाषेची करता येते. बोललेलं न बोललेलं करता येत नाही. नियम तुलाही ठाऊक आहे."

"मी सदस्य म्हणून सांगत नाहीये. भाऊ म्हणून सांगतोय."

"तिथे घरचा माणूस, इथे भाऊ," मधली म्हणाली. "सदस्य कधी असतोस रे तू?"

तो दारापर्यंत गेला. मग हळूच म्हणाला, "ताईनं हे वाचलं तर काय होईल तिचं, याचा विचार कर. तुझ्यावर आहे आता," आणि गेला. जाताना पेन टेबलावर ठेवून गेला.

हा मात्र त्याचा नेम बरोबर बसला. दुपारभर मधली त्या पानांपुढे बसून होती. पाच वाक्यांवर एक रेघ मारली की ताईचा धाकटा ताईला परत मिळणार होता. ताईला दुसरं होतं काय? बोटं देऊन तिनं हा भाऊ मिळवला होता, आणि आता तोही काढून घ्यायचा, तेही आपल्या हातानं? तिनं पेनाचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं. तात्या पलीकडे मान खाली घालून टाइप करत होते. त्यांनी एकदाही वर पाहिलं नाही, याबद्दल ती त्यांचे उपकार विसरणार नव्हती.

शेवटी तिनं रेघ मारली नाही. धैर्य वगैरे काही नव्हतं त्यात; बावीस वर्षांत कधी मारली नव्हती, हातच वळेना. पण एक पळवाट तिनं ठेवली. साक्षीदाराला फक्त त्याच्या साक्षीची पानं दाखवायची असतात, वाचून त्यानं सही करायची. ताईची पानं तेवढी न्यायची. पुढची मागितल्याशिवाय कुणी देत नाही, आणि मागायला कोण बसलंय? तरीही निघताना तिनं सगळा गठ्ठाच पिशवीत घातला. का घातला, ते तिला तेव्हा सांगता आलं नसतं.

ताईच्या घरी पोचली तर ताई जिन्यातच भेटली, लॉण्ड्रीतल्या दोघी-तिघींना निरोप देत. "कळेल गं एक-दोन दिवसांत," ती त्यांना सांगत होती. "माझा भाऊ बसलाय तिथे."

आत येऊन ताईनं चष्मा लावला आणि आपली चार पानं सावकाश वाचली. चौदा नावांवर बोट ठेवून ती पुन्हा मोजली. मधलीनं पिशवीतून काढून दिलेल्या पेनानं डाव्या हातानं सही केली. एकोणीस वर्षांत ती सही आता वळणदार झाली होती.

"झालं?" मधली पानं उचलायला लागली.

"थांब की. मी बाहेर आल्यावर तो काय बोलला ते वाच ना. आणलंयस का?" ताईनं चष्मा काढून ठेवला आणि खुर्चीत नीट मागे टेकून बसली. "मला ऐकायचंय. माझ्या बाजूनं कुणी बोललेलं मी कधी ऐकलंच नाहीये."

मधलीला खोटं बोलता आलं असतं. आणलं नाही म्हणायचं, की संपलं. पण ताई इतकी निवांत बसली होती, तोंड असं उजळून, की या तोंडाला उद्यापासून रोज फसवायचं हे तिला झेपेना. तिनं पानं काढली. ऑफिसात एकमेकांना प्रुफं वाचून दाखवतात तशा सपाट आवाजात तिनं वाचलं, न थांबता, माननीय अध्यक्षपासून पुढचा विषयपर्यंत. मग ती धाय मोकलून रडू लागली.

ताई रडली नाही. ती म्हणाली, "डोळा लागला नव्हता माझा. चादर ओढली गेली."

"माहीत आहे गं."

"त्यालाही माहीत आहे." ती उजव्या हाताचा अंगठा डाव्या मुठीत धरून बसली होती. "सोळा तासांचं खरं आहे. पण अर्धंच सांगितलं त्यानं. साक्षीदाराला दुरुस्ती करता येते ना?"

"आपल्या साक्षीत भर घालता येते. सहीखाली लिहायची."

"मैत्रीण तर वारून सहा वर्षं झाली. आता कुणाची नोकरी जायची नाही." ताईनं पान पुढे ओढलं आणि सहीखाली लिहिलं, एकेक अक्षर सावकाश. दुसरी शिफ्ट मी केली. दुसऱ्या दिवशी माझ्या भावाचा पदवीदान समारंभ होता. मला तो बघायचा होता.

"हे छापलं जाईल?"

"त्याच्या भाषणाच्या आधी. तुझ्या साक्षीला जोडून."

"आणि त्याला प्रत जाते?"

"प्रत्येक सदस्याला जाते."

ताईनं पेन मधलीला परत दिलं. ते धाकट्याचं होतं, हे मधलीच्या आत्ता लक्षात आलं.

"मग पाकिटावर सन्माननीय सदस्य असंच लिही," ताई म्हणाली. "धाकटा लिहू नकोस."